वारूळही कुंभारानेच केलं का?

देव आहे की नाही यावर घरात, कट्ट्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाद रंगला की कुणीतरी हमखास हातातला मोबाइल उंच धरून विचारतं, "हा काय आपोआप झाला? मग एवढं मोठं विश्व आपोआप कसं होईल?" समोरच्याचं उत्तरही तयारच असतं, "मग तुझ्या देवाला कुणी केलं?" इथून पुढे आवाज वाढतात, मुद्दा मात्र पुढे सरकत नाही.

गंमत म्हणजे हे दोन्ही प्रश्न आपल्याकडे हजार-तेराशे वर्षांपूर्वीच विचारून झालेत. आणि ते विचारणारे दोन्ही बाजूंचे पंडित आजच्या वादवीरांपेक्षा कितीतरी चिवट होते. त्यांच्यापासून सुरुवात केली तर आजच्या महास्फोटापर्यंतचा, म्हणजे 'बिग बँग'पर्यंतचा रस्ता सोपा होतो.

आधी एक कुंपण घालून घेऊ. "देव आहे का?" हा प्रश्न इथे सोडवायचा नाहीये. माणसं देव मानतात ती आईवडिलांच्या संस्कारांमुळे, एखाद्या अनुभवामुळे, कठीण काळात मिळालेल्या आधारामुळे. विश्वाच्या उत्पत्तीचं गणित सोडवून कुणी वारीला निघत नाही. इथे तपासायचा आहे तो एकच दावा: विश्व आहे, म्हणजे त्याला घडवणारा असलाच पाहिजे. हा दावा तर्काने टिकतो का?

मडकं आणि कुंभार

हा दावा सगळ्यात काटेकोरपणे मांडला तो न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने. त्याच्या अनुयायांना नैयायिक म्हणतात. त्यांचं अनुमान असं: पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्य आहेत, म्हणजे आधी नव्हत्या आणि नंतर झाल्या. जे जे कार्य असतं त्याला कर्ता असतो, जसं मडक्याला कुंभार. मोबाइल उंच धरणारा माणूस हेच म्हणत असतो, फक्त त्याने मडक्याच्या जागी मोबाइल घेतलेला असतो.

यात एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. नैयायिकांचा ईश्वर शून्यातून काहीही निर्माण करत नाही. परमाणू, आकाश, काळ, जीवात्मे हे सगळं त्यांच्या मते अनादी आहे, ईश्वराइतकंच जुनं. ईश्वर फक्त परमाणू जुळवतो. कुंभार माती निर्माण करत नाही, मातीला आकार देतो, तसाच तो निमित्तकारण आहे, उपादानकारण नाही. "आधी काहीच नव्हतं आणि मग देवाने सगळं केलं" ही कल्पना ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेत घट्ट रुजलेली आहे. ती न्यायदर्शनाच्या गळ्यात बांधता येत नाही.

या पक्षाचे सगळ्यात मोठे वकील म्हणजे मिथिलेचे उदयनाचार्य, दहाव्या-अकराव्या शतकातले. 'न्यायकुसुमांजली' हा त्यांचा अख्खा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच आहे. त्यात एका श्लोकात त्यांनी कारणांची यादी दिली आहे: "कार्यायोजनधृत्यादेः पदात् प्रत्ययतः श्रुतेः। वाक्यात् संख्याविशेषाच्च साध्यो विश्वविदव्ययः॥" जग कार्य आहे म्हणून, परमाणूंना कुणीतरी जुळवावं लागतं म्हणून, जग तोलून धरलेलं आहे म्हणून, असं करत करत यादी शेवटी संख्येपाशी येते.

हे संख्येचं प्रकरण थोडं उलगडून बघण्यासारखं आहे. वैशेषिक या न्यायाच्या जोडीदार दर्शनाच्या मते 'दोन' ही गोष्ट वस्तूंमध्ये आपोआप बसलेली नसते. 'हा एक, आणि हा एक' असं कुणीतरी जाणलं की मग तिथे दोनपणा येतो. या जाणण्याला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. आता सृष्टीच्या आरंभी दोन परमाणू जुळून पहिलं द्व्यणुक होणार. त्याचा आकार कुठून येतो? परमाणूंच्या आकारातून नाही, तर त्यांच्या दोन असण्यातून. पण तेव्हा मोजायला कोण हजर होतं? माणूस नाही, प्राणी नाही. म्हणजे मोजणारी बुद्धी ईश्वराचीच असली पाहिजे. पटो न पटो, हा युक्तिवाद वाचताना मला दरवेळी दाद द्यावीशी वाटते. आज आपण 'दोन' असायला कुणी मोजावं लागतं हेच मान्य करणार नाही, त्यामुळे इमारत पायातच ढासळते. पण मान्य केलंत, तर पुढची वाट खरोखर अरुंद आहे.

याच उदयनाचार्यांची एक दंतकथा सांगतात. ते जगन्नाथपुरीला गेले तेव्हा देवळाचं दार बंद होतं. त्यांनी बाहेरूनच देवाला सुनावलं: ऐश्वर्याच्या मदात तू माझी अवज्ञा करतोयस, पण बौद्ध समोर ठाकले की तुझं अस्तित्व माझ्याच हाती असतं!

बौद्ध समोर होतेच. पण त्यांच्याही आधी मोजायला हवेत ते घरचेच विरोधक.

वेद मानणारे, पण निर्माता न मानणारे

सातव्या शतकातले कुमारिल भट्ट हे मीमांसक. वेदाचा शब्द न् शब्द प्रमाण मानणारे, यज्ञयागाचे कट्टर समर्थक, बौद्धांचे वैरी. आणि हेच कुमारिल 'श्लोकवार्तिक' या ग्रंथात जगाच्या निर्मात्याची कल्पना सपासप कापतात. ज्यांना वाटतं की निर्माता नाकारणं हे पाश्चात्त्य शिक्षणाचं खूळ आहे, त्यांनी ही पानं जरूर बघावीत.

त्यांचे प्रश्न साधे आणि बोचरे आहेत. काहीच नव्हतं तेव्हा हा निर्माता कुठे उभा होता? त्याला शरीर होतं का? नसेल तर त्याने काम कसं केलं, आणि असेल तर ते शरीर कुणी केलं? त्याने जग केलं हे पाहायला कोण होतं? तो स्वतः येऊन "मीच केलं" म्हणाला तरी विश्वास कसा ठेवायचा? न करताही, आपला मोठेपणा मिरवायला कुणी तसं म्हणू शकतं! आणि मग त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य येतं: "प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते", म्हणजे काही हेतू असल्याशिवाय मूर्खसुद्धा कामाला लागत नाही. निर्मात्याला काही हवं होतं असं म्हणाल तर तो अपूर्ण ठरतो. काहीच नको होतं म्हणाल तर एवढा उपद्व्याप कशाला? दयेपोटी केलं म्हणाल, तर सृष्टीच्या आधी दुःखी जीवच नव्हते, मग दया कुणाची आली?

मडक्याच्या दाखल्याबद्दल त्यांचा आक्षेप असा: दाखला घ्यायचाच तर पुरता घ्या. कुंभाराला शरीर असतं, त्याला माती आणि चाक आधीपासून लागतं, आणि तो एक दिवस मरतो. त्यावरून सिद्ध होईल तो निर्माताही देहधारी आणि नाशवंत असेल. तुम्हाला हवा तो सर्वज्ञ, अविनाशी ईश्वर या दाखल्यातून निघत नाही.

मग जग आलं कुठून? मीमांसकांचं उत्तर: कुठूनच आलं नाही. "न कदाचिदनीदृशं जगत्", जग असं नव्हतं असा काळच कधी नव्हता. मडकी होतात आणि फुटतात, माणसं जन्मतात आणि मरतात, पण सगळंच्या सगळं एकदम झालं असं मानायला त्यांना काही आधार दिसत नाही. जैन आचार्यांचीही भूमिका जवळपास हीच. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानत असे ते जिनसेन नवव्या शतकात 'आदिपुराणा'त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेला असेच एकामागून एक प्रश्न विचारतात. आणि मूळ सांख्य दर्शन तर जड प्रकृती आणि चेतन पुरुष या दोघांवरच सगळं भागवतं.

माझ्या मते या अख्ख्या वादातला सगळ्यात नेमका वार मात्र बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती यांचा. ते म्हणतात, मडकं मातीचं आणि ते कुंभार करतो. एवढ्यावरून मातीचं जे जे दिसेल ते कुंभाराचं म्हणायचं असेल, तर वारूळही कुंभारानेच केलं असं सिद्ध होईल!

यात नेमकं काय पकडलंय ते बघा. मडकं पाहून आपण कुंभार ओळखतो ते मडकं मातीचं आहे म्हणून नाही, किंवा ते 'आधी नव्हतं, नंतर झालं' म्हणूनही नाही. कुंभार मडकी करतात हे आपण पाहिलंय म्हणून ओळखतो. मोबाइल कारखान्यात होतो हे माहीत आहे म्हणून तो आपोआप झाला नाही असं आपण छातीठोकपणे म्हणतो. विश्वं तयार होताना आपण एकही पाहिलेलं नाही, आणि तुलना करायला दुसरं विश्वही हाताशी नाही. 'कार्य' हा एकच शब्द मडक्यालाही लावला आणि डोंगरालाही लावला म्हणून दोघांचा उगम सारखा होत नाही. पुढे अकराशे वर्षांनी स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम यांनी जवळपास हाच मुद्दा मांडला; त्यांचं ते लिखाण १७७९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं.

नैयायिक गप्प बसले नाहीत. "अंकुर बघा, तो कर्त्याशिवाय उगवतो" असं कुणी म्हटलं की ते उलट विचारत, "तो कर्त्याशिवाय उगवतो हे तुम्हाला कसं कळलं? अंकुराला कर्ता आहे की नाही हाच तर वाद आहे. वादातलीच वस्तू पुरावा म्हणून कशी आणता?" तर्काच्या नियमाने हे बरोबर आहे. पण त्यामुळे त्यांचा पराभव टळतो, विजय मिळत नाही.

अंकुराची, डोळ्याची, पंखाची रचना पाहून कर्ता गाठायचा हा मार्ग युरोपात विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये घड्याळाचा दाखला देऊन लोकप्रिय केला. १८५९ मध्ये डार्विन यांनी नैसर्गिक निवडीने अशी रचना कशी घडते ते दाखवलं आणि सजीवांपुरता तो मार्ग बराचसा बंद झाला. विश्वाचा प्रश्न मात्र उरलाच.

महास्फोट, पोप आणि पाद्री

विसाव्या शतकात पारडं एकदम हललं. विश्व अनादी आहे हे मीमांसकांचं (आणि ॲरिस्टॉटलचंही) गृहीतकच डळमळलं. विश्व प्रसरण पावतंय हे समीकरणांवरून आणि निरीक्षणांवरून आधी १९२७ मध्ये मांडलं ते जॉर्ज लमेत्र यांनी. १९२९ मध्ये एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी त्याला बळ मिळालं. लमेत्र हे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ, आणि त्याचबरोबर दीक्षा घेतलेले कॅथलिक पाद्री. १९३१ मध्ये त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटंसं टिपण लिहिलं: विश्व पसरत चाललं असेल तर मागे मागे जाताना ते एकाच आदिम क्वांटमपाशी, म्हणजे ऊर्जेच्या एकाच मूळ पुडक्यापाशी पोचेल.

त्या टिपणाच्या टंकलिखित प्रतीत शेवटी एक परिच्छेद होता. देव मुळातच गुप्त असतो असं मानणाऱ्यांना, आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या निर्मितीवर पडदा टाकतं हे पाहून आनंदच होईल, अशा अर्थाचा. छापायला देण्याआधी लमेत्र यांनी तो परिच्छेद काट मारून काढून टाकला.

वीस वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं आणि आधुनिक विज्ञान "प्रकाश होवो" या आदिक्षणाची साक्ष देतंय असा सूर लावला. यावर सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले ते लमेत्र. त्यांनी पोपच्या वैज्ञानिक सल्लागारांशी बोलून आपली काळजी कळवली, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संमेलनात पोप बोलले तेव्हा तो दावा पुन्हा आला नाही. १९५८ मध्ये लमेत्र यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं की हा सिद्धांत अध्यात्माच्या आणि धर्माच्या प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे. ज्या माणसाला या शोधाचा धर्मासाठी सहज उपयोग करता आला असता, त्यानेच तो नाकारला.

का नाकारला ते समजून घ्यायचं तर महास्फोटाचा सिद्धांत खरोखर काय म्हणतो ते बघायला हवं. तो म्हणतो की सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आजचं सगळं दृश्य विश्व अतिशय उष्ण आणि घन अवस्थेत होतं, आणि तिथून ते पसरत, थंड होत आजच्या रूपाला आलं. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनंतरचा प्रकाश आपल्याला आजही सूक्ष्मलहरींच्या रूपात मिळतो. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी त्याचा शोध जाहीर केला. या कथेला भक्कम पुरावा आहे.

पण ही कथा अगदी शून्य क्षणापर्यंत जात नाही. मागे जाता जाता आपण अशा क्षणापाशी येतो की सेकंदाचा तो अंश लिहायचा तर दशांशचिन्हानंतर चाळीसहून जास्त शून्यं द्यावी लागतात. तिथे आइन्स्टाइन यांचं गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी (अणूंच्या सूक्ष्म जगाचं क्वांटम भौतिकशास्त्र) दोन्ही एकदम लागतात, आणि दोन्हींना एकत्र बांधणारा, प्रयोगाने तपासलेला सिद्धांत अजून कुणाकडे नाही. म्हणजे 'महास्फोट' हे उष्ण अवस्थेपासून पुढचं वर्णन आहे. 'काहीच नव्हतं आणि मग सगळं झालं' हे वाक्य त्या सिद्धांतात नाही. ते आपण आपल्या मनाने जोडतो.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. फ्रेड हॉईल हे केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ, निरीश्वरवादी. विश्वाला 'आरंभ' असावा हेच त्यांना खटकत होतं. १९४८ मध्ये त्यांनी, आणि स्वतंत्रपणे बाँडी आणि गोल्ड यांनी, स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला: विश्व पसरतं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य हळूहळू निर्माण होत राहतं, म्हणून ते सदासर्वकाळ सारखंच दिसतं. 'बिग बँग' हे नावही हॉईल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर वापरलं. त्यांचे विद्यार्थी आणि पुढे सहकारी झालेले जयंत नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. मराठी वाचकाला त्यांची ओळख करून द्यायला नको. द्रव्य निर्माण होतं तर ऊर्जेचा हिशोब कसा लागतो, याचं उत्तर हॉईल आणि नारळीकर यांनी ऋण ऊर्जा असलेल्या 'सी-फील्ड' या क्षेत्राने दिलं. १९६५ नंतर पुरावा महास्फोटाकडे झुकला आणि बहुतेक वैज्ञानिक तिकडे गेले. तरी नारळीकर यांनी १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत सुधारित सिद्धांत मांडला, आणि २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं तोवर महास्फोटाबद्दलच्या त्यांच्या शंका कायम होत्या.

पाद्री आरंभ मांडतोय आणि म्हणतोय याचा देवाशी संबंध नाही. निरीश्वरवादी आरंभ टाळतोय. आणि समजा हॉईल यांचं बरोबर निघालं असतं, तर प्रश्न मिटला असता का? सी-फील्ड कुठून आलं, हे विचारायला कुणाचा हात धरला होता? उलट, महास्फोटाला खरोखर पहिला क्षण असेल तरी त्यामागे कर्ता आहे असं लगेच ठरत नाही. १९८३ मध्ये स्टीफन हॉकिंग आणि जेम्स हार्टल यांनी असं गणित मांडलं की मागे जाताना काळाचं वेगळेपणच विरून जातं आणि काळाला कडाच उरत नाही. पृथ्वीवर दक्षिण ध्रुवाच्या आणखी दक्षिणेला काय आहे हा प्रश्न जसा निरर्थक, तसाच 'त्याआधी काय होतं' हा. त्याच्या वर्षभर आधी अलेक्झांडर विलेंकिन यांनी अवकाश-काळही नसलेल्या स्थितीतून विश्व पुंजभौतिकीच्या नियमाने 'उगवू' शकतं असं दाखवलं. दोन्ही कल्पना समीकरणांवर आहेत, निरीक्षणाने सिद्ध नाहीत. आणि दोन्हींत पुंजभौतिकीचे नियम आधीपासून गृहीत धरलेले आहेत. त्यामुळे "विश्व शून्यातून आलं हे विज्ञानाने दाखवलंय, देवाची गरज संपली" असं जे छातीठोकपणे लिहितात ते नियमांना शून्य समजतात. नियम म्हणजे काहीच नाही, असं कसं म्हणता येईल?

पहिला, पण काळाने नव्हे

इथवर आपण 'आरंभ' या एकाच बाजूने चाललो. "ज्याला आरंभ आहे त्याला कारण आहे, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वाला कारण आहे" हा युक्तिवाद कलाम या इस्लामी धर्मतत्त्वचर्चेच्या परंपरेतला, अकराव्या शतकात गझाली यांनी धारदार केलेला. यातलं पहिलं वाक्य आज पूर्वीइतकं निर्विवाद राहिलेलं नाही. युरेनियमचा एखादा अणू याच क्षणी का फुटला, शेजारचा का नाही, याचं कारण पुंजभौतिकी देत नाही. ती फक्त शक्यता देते. अर्थात तो अणू तरी आधी असावा लागतोच, हे प्रत्युत्तरही रास्त आहे.

पण खरी मेख वेगळीच आहे. तेराव्या शतकातले टॉमस अक्विनास हे कॅथलिक तत्त्वज्ञानाचे आधारस्तंभ. 'आदिकारण' म्हटलं की त्यांचंच नाव येतं. आणि त्यांचं स्पष्ट मत होतं की विश्वाला काळात आरंभ आहे हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेनेच मानायचं. त्यांचं आदिकारण म्हणजे खूप पूर्वी पहिला धक्का देऊन मोकळा झालेला कुणी नव्हे. विश्व अनादी असलं तरी या क्षणी ते कशाच्या आधाराने आहे, हा त्यांचा प्रश्न. त्यामुळे हॉकिंग यांनी काळाची कड पुसली तरी अक्विनास यांच्या युक्तिवादाला ओरखडाही उठत नाही. हे लक्षात न घेता दोन्ही बाजू महास्फोटावर तुटून पडतात.

हा प्रश्न सर्वात नागडा केला तो १७१४ मध्ये लायबनिझ यांनी: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? प्रत्येक गोष्टीला दुसरी गोष्ट कारण आहे, पण ही सगळी साखळी मुळात का आहे? जिला असण्यासाठी दुसऱ्या कशाची गरज नाही अशी स्वयंसिद्ध वस्तू गाठल्याशिवाय हा प्रश्न थांबत नाही, असं ते म्हणतात. "मग देवाला कुणी केलं?" हा कट्ट्यावरचा टोला या युक्तिवादाला लागत नाही, कारण स्वयंसिद्ध वस्तूला कर्ता नसणं हाच त्यातला दावा आहे. टोला मारायचाच तर तो वेगळा हवा: स्वयंसिद्ध असं काही असतंच हे कशावरून, आणि असलंच तर ते विश्वच का नाही?

बरोबर हाच टोला १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर बर्ट्रांड रसेल यांनी फ्रेडरिक कोपलस्टन या जेझुइट तत्त्वज्ञाला दिला. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असते असं होत नाही; विश्व आहे, बस, इतकंच, असं रसेल म्हणाले. कोपलस्टन यांची तक्रार अशी की हा प्रश्न विचारायचाच नाही असं म्हणणाऱ्याला हरवता येत नाही, जसं बुद्धिबळाच्या पटावर बसायलाच तयार नसलेल्याला शह देता येत नाही.

मला विचाराल तर इथे दोघंही कुठेतरी थांबतात. एक विश्वापाशी थांबतो, दुसरा विश्वाच्या पलीकडे एक पाऊल टाकून थांबतो. ते जास्तीचं पाऊल टाकणाऱ्याने ते का टाकलं हे सांगायला हवं, कारण 'कशाला तरी स्वयंसिद्ध मानावंच लागतं' एवढं मान्य केलं तरी ती वस्तू जाणीव असलेली, इच्छा असलेली आहे असं निघत नाही. सांख्यांची जड प्रकृतीसुद्धा त्या जागी बसू शकते.

हॉईल यांचा कार्बन

जाणिवेच्या बाजूने आज सगळ्यात जोरदार बोलणारा मुद्दा म्हणजे विश्वाचे नियम जीवसृष्टीला बेतून दिल्यासारखे वाटतात, हा. आणि यातलं सर्वात सुंदर उदाहरण नेमकं त्या निरीश्वरवादी हॉईल यांचंच आहे.

ताऱ्यांच्या पोटात हीलियमपासून कार्बन होतो. दोन हीलियम केंद्रकं एकत्र येऊन बेरिलियम होतं, पण ते सेकंदाच्या एक कोटी कोटीव्या भागापेक्षाही कितीतरी कमी वेळात फुटतं. तेवढ्यात तिसरं हीलियम येऊन आदळलं तरच कार्बन. हिशोब मांडला तर कार्बन जवळपास होऊच नये. पण आपण आहोत, कार्बन भरपूर आहे. म्हणून १९५३ मध्ये हॉईल यांनी उलटा विचार केला: कार्बनच्या केंद्रकाची एक ठरावीक ऊर्जापातळी असली पाहिजे, म्हणजे ती धडक नेमकी जुळून येईल. ते कॅलटेकच्या प्रयोगशाळेत गेले आणि तपासून बघा म्हणाले. सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी ती पातळी सापडली. पुढे १९८१ मध्ये त्याच हॉईल यांनी लिहिलं की साध्या व्यवहारी बुद्धीने पाहिलं तर कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हस्तक्षेप केल्यासारखा वाटतो.

नंतरच्या गणितांत असं दिसलं की ही पातळी थोडी इकडेतिकडे झाली असती तरी चाललं असतं. जुळणी पहिल्यांदा वाटली त्यापेक्षा जरा सैल आहे. तरी अशा नोंदी इतरही आहेत, आणि त्यांना हसून टाळणं बरोबर नाही. त्यावर एक उत्तर असं देतात की विश्वं असंख्य असतील, प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि जिथे जगता येतं तिथेच आपण असणार. यात तर्क आहे, पण दुसरं विश्व कुणी पाहिलेलं नाही. न दिसणारा एक देव मानणाऱ्याला हसायचं आणि न दिसणारी अगणित विश्वं सहज मान्य करायची, यात मला विसंगती दिसते. पण 'बेतून दिलंय' म्हणणाऱ्याचीही एक अडचण आहे. एखादी गोष्ट घडणं दुर्मीळ आहे असं म्हणायला इतर शक्यता कोणत्या आणि किती, हे माहीत हवं. आपल्याकडे विश्व एकच आहे. धर्मकीर्तींचं वारूळ इथे पुन्हा वाटेत येतं.

कर्ता मिळाला, तर तो कोण?

समजा सगळे आक्षेप बाजूला ठेवले आणि जगाला जाणीव असलेला कर्ता आहे हे मान्य केलं. तो एकच कशावरून? मोठी इमारत अनेकजण मिळून बांधतात. उदयनाचार्यांच्या परंपरेचं उत्तर लाघवाचं आहे: एकाने भागत असेल तर अनेक कशाला मानायचे? ठीक. तो दयाळू कशावरून? इथे जग स्वतःच साक्षीला येतं. एक जीव राजवाड्यात जन्मतो, दुसरा उपाशी. कर्ता एकच असेल तर तो पक्षपाती किंवा निर्दय ठरतो.

वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांनी ही अडचण ओळखली होती. हेतूच्या प्रश्नावर त्यांनी "लोकवत्तु लीलाकैवल्यम्" म्हटलं, म्हणजे ही केवळ लीला आहे, तिला हेतू विचारू नका. आणि पक्षपाताच्या प्रश्नावर: ईश्वर मनाला येईल तसं वाटप करत नाही, जिवांच्या कर्मांप्रमाणे करतो. शंकराचार्य पावसाचं उदाहरण देतात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. भात उगवतो की जव, हे बी ठरवतं.

पण मग मीमांसक विचारणारच: कोण सुखी आणि कोण दुःखी हे कर्माने ठरत असेल, तर ईश्वर करतो काय? कर्मालाच काम करू द्या की. यावर नैयायिक म्हणतात, कर्म जड आहे. कुणाचं कोणतं फळ कधी द्यायचं हे त्याला कळत नाही, त्यावर देखरेख करणारा जाणता हवा. मीमांसक म्हणतात, यज्ञाचं फळ मिळवून देणारी शक्ती, जिला आम्ही अपूर्व म्हणतो, ती कुणाच्या देखरेखीशिवायही काम करते.

इथे वाद विश्व आहे की नाही, ते केव्हा झालं, या सगळ्यापासून लांब आलेला आहे. आता प्रश्न हा की चांगल्याचं चांगलं आणि वाइटाचं वाईट होईल याची हमी कोण देतो. लमेत्र यांचा आदिम क्वांटम, हॉकिंग यांचा कड नसलेला काळ किंवा हॉईल यांचा कार्बन यांतलं कुणीही ती हमी देत नाही, आणि देतो असा दावाही कुणी केलेला नाही. नवस बोलणाऱ्याला मात्र तीच हवी असते.